वाजवणाऱ्यांचं टेबल

लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या जेवणाची सोय असते. पाहुण्यांची असते, पाहुण्यांनी न विचारता आणलेल्या पाहुण्यांची असते, आणि दोन्ही घरांतल्या कुणालाच ओळखू न येणाऱ्या त्या एका टायवाल्या गृहस्थांची तर सगळ्यात आधी असते. गाड्यांच्या ड्रायव्हरांनासुद्धा कुणीतरी हाक मारतं. सोय नसते ती फक्त सकाळपासून स्टेजच्या कडेला उभं राहून या सगळ्यांना भूक लागावी म्हणून वाजवणाऱ्यांची.

हे म्हणणं मास्तरांचं. मास्तर म्हणजे बुटका, गोल, भरल्या गालांचा माणूस. क्लॅरिनेट वाजवायचे आणि लग्नांत वाजवणारा एक छोटा बँड चालवायचे. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव होतं 'भडका'. चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग बँडच्या त्या लाल कोटात माणूस कुठे संपला आणि कोट कुठे सुरू झाला ते कळेनासं व्हायचं. इतर बाबतींत माणूस गरीब. बूट कुणी पायातून काढून नेला तरी दुसरा त्याला देऊन मोकळे होतील. पण वाजवणाऱ्यांच्या जेवणाचा विषय निघाला की संपलं.

"स्टेज कुठे असतं?" ते विचारायचे. समोर कोण आहे याला महत्त्व नव्हतं. न्हाव्याकडे गालाला साबण लावलेला असतानाही विचारायचे. "स्वयंपाकघराच्या दाराशी! ते दार उघडलं की आधी सुपाचा वास. मग तळलेल्या कांद्याचा. मग भाजलेल्या कोंबडीचा. आणि केक तर आमच्या ट्रम्पेटवाल्याच्या कोपराला लागेल इतक्या जवळून नेतात. मग त्याचा सूर हलला की लोक म्हणतात, रियाज कमी पडतोय. अरे, रियाज कसला कमी पडतोय? पोटात काही पडत नाहीये!"

न्हावी वस्तरा जरा लांब धरायचा.

यात धंद्याची एक अडचण होती, ती बाहेरच्यांना कळत नाही. फुंकून वाजवणाऱ्याला घरून जेवून निघता येत नाही. पोट भरलं की दम पोटापर्यंत उतरत नाही, वरच्यावर अडकतो आणि क्लॅरिनेट गाण्याऐवजी कुरकुरते. दातात भाताचं एखादं शीत राहिलं आणि ते वाद्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ पट्टीवर, म्हणजे रीडवर गेलं, तर वधू आत येताना स्वागताच्या सुरांच्या जागी बदकाचा आवाज येतो. तेव्हा जेवायचं ते मधल्या सुटीतच. आणि मधल्या सुटीत हॉलचा मॅनेजर भेटायचा.

मॅनेजर प्रत्येक हॉलमध्ये वेगळा असायचा, पण वाक्य सगळ्यांचं एकच. "तुमचं बघतो." 'देतो' नाही, 'आणतो' नाही, 'बसा' तर नाहीच. बघतो. आणि तो खरंच बघायचा. समोरून जाताना एकदा बघायचा, परत येताना एकदा बघायचा. सगळे पाहुणे उठले की मोडक्या खुर्च्यांची चळत, ओले पोछे आणि रिकामे खोके यांच्यामध्ये कागदाची गार पाकिटं यायची. त्यांत काय असायचं ते उघडल्यावरही सांगता येत नसे.

एका लग्नात ट्रम्पेटवाल्याला राहवलं नाही. ताट घेऊन तो पाहुण्यांच्या रांगेत उभा राहिला. लाल कोट, सोनेरी बटणं, लपणार कुठे? यजमानांचे मेहुणे आले आणि हसत हसत त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तुमचं मागे आहे हो." ताट भरलेलं होतं. मेहुण्यांनी ते फुकट जाऊ दिलं नाही, चालता चालता स्वतःच खायला सुरुवात केली.

त्या दिवशी मास्तर मेहुण्यांच्या अंगावरच जायचे, पण ड्रमवाल्याने त्यांना मागून कोटाला धरून ठेवलं. कोटाची एक शिवण गेली ती कायमची. त्यानंतर मास्तरांनी बँडला कायदा घालून दिला. प्रत्येकाने घरून डबा आणायचा. डबा गाडीत ठेवायचा. वाजवण्यात खंड पडला की गाडीत जाऊन खायचं. आणि हॉलमधल्या कुणीही, अगदी लाडीगोडीने, जेवायचं विचारलं, तर दोनच शब्द बोलायचे. "आमचं झालं."

"मागायचं नाही, थांबायचं नाही, बघायचंसुद्धा नाही," मास्तर बजावायचे. "आपल्या पोटाची चावी दुसऱ्याच्या खिशात ठेवायची नाही."

बँडला कायदा पाठ झाला. मास्तरांचा राग मात्र पाठ सोडेना. डबा खाताना तर जास्तच यायचा. "अपमानाला मीठ कमी आहे," असं म्हणत ते जेवायचे.

डीजेशी त्यांचं आधी वाकडं होतं. डीजे म्हणजे वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय ठेवणारा माणूस, असं त्यांचं ठाम मत. पण एका लग्नात दोघांनाही बोलावलं होतं आणि मागच्या खोलीत दोघांसाठी मिळून एकच पाकीट आलं. डीजे म्हणाला, "काका, तुम्ही घ्या." मास्तर म्हणाले, "तुझ्याकडे डबा नाही?" तो म्हणाला, "डबा कुठे खाऊ? खुर्ची सोडली की कुणाचा तरी भाऊ येऊन बटणं फिरवतो. मी दिवसभर बिस्किटांवर असतो, एका हाताने." मास्तरांनी आपल्या डब्यातला अर्धा भात त्याला दिला आणि तेव्हापासून त्यांच्या रागाच्या छत्रीखाली डीजेसुद्धा आला.

अशा या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं.

ठरवाठरवीला विहीणबाई घरी आल्या. विहीणबाई उंच, स्वच्छ आणि शब्दाच्या पक्क्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलताना समोरचा माणूस चौथीतला आहे असं धरून चालत. त्यांचे यजमान, म्हणजे आपले व्याही, बोलतच नसत. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर माणसाने नवीन काय बोलायचं?

विहीणबाईंनी चहाच्या कपबश्या टेबलावर मांडून हॉलची रचना समजावून सांगितली. "ही बशी म्हणजे स्टेज. हा कप माझी आत्या. तिला वारं लागू द्यायचं नाही. हा कप माझा भाऊ, त्याला वारं पाहिजे. ह्या दोघी जावा, ह्या एकमेकींना दिसता कामा नयेत."

मास्तरांनी साखरेचं भांडं उचललं आणि स्टेजच्या बशीसमोर अगदी मधोमध ठेवलं.

"हे काय?" विहीणबाई म्हणाल्या.

"वाजवणाऱ्यांचं टेबल."

"हॉलमध्ये?"

"मग काय, गच्चीवर?"

विहीणबाईंनी शांतपणे साखरेचं भांडं उचलून किटलीच्या मागे ठेवलं. "अहो, सगळीकडे त्यांना मागे देतात. त्यांनाही तेच बरं वाटतं. मोकळेपणाने खातात बिचारे."

मास्तरांचे कान लाल झाले. बायकोने आतून खूण केली, पण उशीर झाला होता. साखरेचं भांडं किटलीमागून परत मधोमध आलं. "मग मलाही मागेच बसवा. मीही बिचारा आहे, मोकळेपणाने खाईन."

"तुमचं वेगळं आहे. तुम्ही मुलीचे वडील."

"मुलीचा बाप मी एक दिवसाचा! वाजवणारा जन्माचा आहे!"

"एक दिवसाचा?" स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. "आणि मला शाळेत कोण सोडायचं? शेजारचे काका?"

"तू मध्ये बोलू नकोस, तुझ्याच लग्नाचं चाललंय," मास्तर ओरडले.

साखरेचं भांडं परत किटलीमागे गेलं, परत मधोमध आलं. साखर सगळीकडे सांडली. आत्याचा कप आणि भावाचा कप एकमेकांवर आपटले. व्याह्यांनी आपल्या हातातली बशी छातीशी धरली. शेवटी विहीणबाईंनी हात वर केला, वर्गात गोंगाट झाल्यावर करतात तसा.

"ठेवा तुमचं टेबल. पण मी सांगते, ते बसणार नाहीत. त्यांनाच नको असतं हो. ते बसले नाहीत, तर टेबल माझ्या भावाच्या माणसांना, आणि हा विषय दोन घरांत पुन्हा काढायचा नाही. मेलं तरी नाही."

"आणि बसले तर?"

"बसले तर मी स्वतःच्या हातांनी वाढीन."

"लक्षात ठेवा."

"मी विसरत नाही. हवं तर ह्यांना विचारा."

व्याह्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात फार मोठा इतिहास होता.

त्या दिवसापासून मास्तर हवेत होते. मुलीचं लग्न लागणार याचा आनंद होताच, पण त्याहून मोठा आनंद दुसराच होता. पांढऱ्या चादरीचं टेबल, काचेचे पेले, घडी घातलेले रुमाल, आणि भोवती आपला ड्रमवाला, आपला ट्रम्पेटवाला, आपला डीजे. सगळ्या पाहुण्यांच्या देखत, गरम ताटं. त्यांनी बँडमध्ये कुणालाही काही सांगितलं नाही. आयत्या वेळी हात धरून नेऊन बसवायचं, त्यांचे चेहरे बघायचे. बायको म्हणाली, "अहो, सांगून तरी ठेवा." मास्तर म्हणाले, "तुला मजा कळत नाही." संसारात ज्या ज्या वेळी ते हे वाक्य बोलले होते, त्या त्या वेळी पुढे काहीतरी फुटलं होतं. बायकोने विषय सोडून दिला.

लग्नाचा दिवस उजाडला. त्या दिवशी मास्तरांना वाजवायचं नव्हतं. बँड ट्रम्पेटवाल्याच्या हाती सोपवलेला. नवा सूट त्यांना सगळीकडून आवळत होता. वधू आली, बँडने स्वागत वाजवलं, बदक कुठेही ओरडलं नाही. फोटो झाले. मास्तर रडायचं तिथे थोडं रडले. मग जेवणाची वेळ झाली. मॅनेजरने टाळी वाजवली, पाहुणे आपापल्या टेबलांकडे धावले, आणि बँडने ठरल्याप्रमाणे वाद्यं खाली ठेवली. मास्तर दारातच मुलीच्या मामांच्या तावडीत सापडले. मामा घरभाड्यांबद्दल बोलत होते. त्यातून सुटून ते स्टेजकडे आले तेव्हा स्टेजवर फक्त डीजे होता, बिस्किट खात.

आणि समोर, हॉलच्या अगदी मधोमध, पांढऱ्या चादरीचं टेबल रिकामं होतं.

रिकामं टेबल भरलेल्या हॉलमध्ये किती मोठं दिसतं ते मास्तरांना पहिल्यांदा कळलं. विहीणबाई शेजारच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्याकडे होता. नुसतं म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं?" आणि भावाच्या माणसांना हाताने खूण केली.

"थांबा!" मास्तर ओरडले. "बसायचं नाही कुणी! त्या टेबलाला हात लावायचा नाही!"

भावाची माणसं खुर्च्यांच्या पाठी धरून अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबली.

मास्तर मागच्या दाराने धावत गाड्या लावायच्या जागेत गेले. नव्या सुटाचं एक बटण वाटेत उडालं. बँडची गाडी कुंपणाशी उभी होती. मागचं दार उघडं. ट्रम्पेटवाला नळावर डबा विसळत होता. ड्रमवाला दात कोरत होता. बाकीचे तृप्तपणे झाकणं लावत होते. मास्तरांना बघून सगळे उभे राहिले, आणि आनंदाने, एका सुरात, रियाज केल्यासारखे म्हणाले:

"आमचं झालं, मास्तर!"

त्या क्षणी मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग पाहून ट्रम्पेटवाल्याच्या हातातला डबा नळाखाली पडला.

"झालं?" मास्तर म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नात? डबा?"

"पण तुम्हीच तर—"

"मी दुसऱ्यांसाठी सांगितलं होतं! सगळ्या जगासाठी सांगितलं होतं! माझ्यासाठी सांगितलं होतं का? माझ्या घरात तुम्हाला जेवायला मिळणार नाही असं वाटलं तुम्हाला?"

मग ड्रमवाला, जो बँडमधला सगळ्यात जुना, हळूच म्हणाला, "तसं नाही, मास्तर. हॉल बघितला, मॅनेजर बघितला, तो म्हणाला तुमचं बघतो. पाय आपोआप गाडीकडे वळले."

मास्तरांचा राग एकदम जागा चुकला. इतकी वर्षं तो यजमानांवर, त्यांच्या मेहुण्यांवर, मॅनेजरांवर धावून जात होता. आता समोर फक्त आपलीच माणसं होती, ओले डबे हातात घेऊन, आणि त्यांनी काहीही चूक केलेली नव्हती. म्हणून तो दुपटीने उसळला.

"काही ऐकायचं नाही! चला आत. परत जेवायचं!"

"मास्तर, पोटात जागा नाही हो."

"जागा करा! आयुष्यभर केलीत ना भुकेला जागा? आता जेवणाला करा!"

"पण वाजवणार कोण?" ट्रम्पेटवाला रडवेला झाला. "दोनदा जेवून फुंकलं तर माझा आवाज कुठून निघेल ते सांगता येत नाही. आणि या कोटात आम्ही पाहुण्यांमध्ये—"

"त्याच कोटात! बटणं लावा सगळी! वाजवायचं मी बघतो."

'बघतो' हा शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकले. मग जास्त मोठ्याने म्हणाले, "वाजवतो! मी वाजवतो!"

अशा रीतीने बँड रांगेने हॉलमध्ये आला. पकडून आणल्यासारखा. मास्तरांनी एकेकाला खांदा दाबून खुर्चीत बसवलं. डीजेलाही ओढून आणलं. त्याने लॅपटॉप बंद करून बगलेत मारून आणला, कारण विहीणबाईंचा भाऊ केव्हापासून त्या बटणांकडे प्रेमाने बघत होता. त्याबरोबर हॉलमधलं संगीत थांबलं. चमच्यांचा आवाज मोठा झाला. दोन जावा एकमेकींना ऐकू येऊ लागल्या. काही तरी लवकर वाजणं गरजेचं होतं.

मास्तर स्टेजवर चढले. ट्रम्पेटवाल्याने सवयीने त्यांची क्लॅरिनेट बरोबर आणली होतीच. त्यांनी रीड ओली केली, नव्या कोटाचं उरलेलं बटण सोडलं आणि वाजवायला सुरुवात केली.

आणि विहीणबाईंनी पदर खोचला. शब्द म्हणजे शब्द. वाढप्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि पहिली वाढणी ड्रमवाल्याच्या ताटात केली. ड्रमवाला घाईने म्हणाला, "बाई, थोडंच, आमचं झा—" स्टेजवरून क्लॅरिनेटचा एक भयंकर सूर आला. ड्रमवाल्याने तोंड मिटलं आणि ताट पुढे केलं.

विहीणबाई वाढायला लागल्यावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "संपवा. ताटात टाकायचं नाही. तुम्ही, ट्रम्पेटवाले, मान खाली घालून काय बसलात? भात घ्या." बँडची माणसं घाम पुसत, डोळ्यांत पाणी आणून, आयुष्यातलं सगळ्यात गरम जेवण जेवत होती. आत्या दुसऱ्या टेबलावरून बघत होती. बघेना का! थोड्या वेळाने व्याही उठले. आपलं ताट घेऊन ते ड्रमवाल्याच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "ती वरची झांज पायाने कशी वाजते हो?" विहीणबाईंच्या हातातली पळी थांबली. यजमानांचा आवाज त्यांनी बऱ्याच काळाने ऐकला होता. ड्रमवाल्याने टेबलाखाली पाय आपटून दाखवला. व्याह्यांनीही आपटून बघितला.

मास्तर वरून हे सगळं पाहत होते आणि वाजवत होते. वधूच्या खुर्चीतून मुलगी हात हलवून हसत होती. लोक म्हणाले, बापाला आनंद आवरत नाहीये. बायको तेवढी शेजारणीला म्हणाली, "मुलीच्या लग्नात सगळे बाप मिरवतात. आमचे वाजवतायत. कोट बघा, कोट, सुटलाय सगळा." तिला वाटलं, वाजवून झालं की ते बँडच्या टेबलावर जेवतील. बँडला वाटलं, ते घरच्यांबरोबर जेवतील. स्वयंपाकघराचं दार उघडत होतं, मिटत होतं. सुपाचा वास आला. तळलेल्या कांद्याचा आला. कोंबडीचा आला. केक मास्तरांच्या कोपराला लागून गेला. सूर हलला.

जेवणं आटोपली. डीजे ढेकर देत जागेवर परतला, नाच सुरू झाला. ट्रम्पेटवाला खुर्चीतून उठूच शकत नव्हता. दोघांनी त्याला भिंतीला टेकवून ठेवला. मास्तर स्टेजवरून उतरले आणि टेबलांकडे आले. चादरी काढणं चालू होतं. मोठी भांडी उपडी झाली होती. विहीणबाईंनी आग्रह करकरून वाढलेलं शेवटचं ताट ड्रमवाल्याच्या पोटात होतं.

कुणाला सांगणार? विहीणबाईंना? आपणच जिंकलो होतो. बायकोला? ती हसली असती आणि पुढची वीस वर्षं हसत राहिली असती. मास्तर मुकाट्याने स्टेजमागच्या खोलीत गेले. मोडक्या खुर्च्या होत्या, ओले पोछे होते. खोक्यावर, हॉलमध्ये येताना ठेवून दिलेला ड्रमवाल्याचा डबा पडलेला. खालच्या कप्प्यात भात आणि बटाट्याची भाजी उरली होती. मास्तर स्पीकरच्या खोक्यावर बसले, क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि पहिला मोठा घास तोंडात घातला. मीठ कमी होतं.

तेवढ्यात दार ढकलून मॅनेजर आत आला. त्याने मांडीवरचं वाद्य पाहिलं, बटणं सुटलेला कोट पाहिला, डबा पाहिला. चेहऱ्याकडे पाहायची त्याला सवय नव्हती.

"अरे, तुमचं राहिलं वाटतं?" तो जाता जाता म्हणाला. "थांबा. पाहुणे गेले की तुमचं बघतो."

मास्तरांचे कान लाल झाले, मग मान. आयुष्यभर साठवलेलं सगळं एकदम घशाशी आलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, स्वतः ठरवलेल्या हॉलमध्ये, खुद्द वधूच्या बापाला! असा नेमका माणूस, असं नेमकं वाक्य पुन्हा मिळायचं नव्हतं. ते ताडकन उभे राहिले, बोट रोखलं.

पण तोंडात भात होता. तो गिळेपर्यंत दार मिटलं होतं.